पडण्याची मुभा

आमच्या कर्जत तालुक्यात कुणी नवी फटफटी घेतली की जुनी माणसं तिचा वेग विचारत नसत, रंग तर नाहीच नाही. "पावसाळ्यात चालंल का?" एवढाच प्रश्न. कशेळ्याच्या पुढे, खांडस-आंबिवलीच्या अंगाला, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता कुठे संपतो आणि ओहोळ कुठे सुरू होतो हे पाण्याच्या मर्जीवर असायचं. मुरूम वाहून गेलेला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल झालेल्या, दोन्ही बाजूंना आवणाची खाचरं आणि मध्ये शेवाळलेला बांध. जगात लोक मुद्दाम पैसे भरून अशा जमिनीवर मोटारसायकली पळवतात, त्यांना विजेतेपदं मिळतात, हे आमच्या थोरल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आमच्याकडे त्याला शर्यत म्हणत नव्हते. दूध घालायला जाणं म्हणत होते.

मी वाढलो ते या माणसांच्या गोष्टी ऐकत. त्यांतली सगळ्यांत जुनी गोष्ट चाकाची नाहीच, वाटेची आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. आजी सांगायची, गोऱ्या साहेबाला घाटातून आगगाडी न्यायची होती. दुर्बिणी लावून झाल्या, नकाशे काढून झाले, डोंगर वाट देईना. शिंग्रोबा धनगर त्याच डोंगरात गुरं चारायचा. तो म्हणाला, माझी जनावरं जातात तशी गाडी ने. वाट सापडली. साहेब खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. शिंग्रोबाने स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. आजीच्या तोंडी ही गोष्ट रेल्वेची होती, खोपोलीतले काही म्हातारे तीच सडकेची म्हणून सांगत. पुस्तकांत तारखा आहेत. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये पळसदरीहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी चढली. त्या रुळांखाली हजारो मजुरांचे जीव गेले. शिंग्रोबा या तारखांत सापडत नाही, तो देवळात सापडतो. लहानपणी मला त्या गोष्टीतली गोळी लक्षात राहिली होती. आता त्यातली वाट जास्त लक्षात राहते. जमीन वाचता येणारा माणूस गावातच होता, पण त्या वाचण्यावर पुढे धावले ते दुसरे.

घाटाने आम्हाला एक शर्यत मात्र दिली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले गडी खोपोली सोडून चढाला लागले की आख्खं गाव कडेला उभं राहायचं. घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणत. माझे वडील त्या गर्दीत पाण्याचा तांब्या घेऊन उभे असत. राजा दरवर्षी खालून यायचा आणि वर निघून जायचा. आपल्यापैकी कुणी त्या ओळीत असावं असं उभ्या असलेल्यांना वाटायचं का, हे मी वडिलांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "सायकल होती आमच्याकडं. पण ती सायकल होती, शर्यतीची नव्हती."

मोटारसायकलीचंही तसंच झालं. थोरल्या काकांनी घेतलेली जावा कल्याणहून आलेली, दुसऱ्याच्या हातची. इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा कारखाना काढला आणि १९६१ पासून ही चेकोस्लोव्हाकियाची गाडी तिथे बनू लागली. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि किक मारायचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा. काकांना या एकाच दांड्याचं भारी कौतुक. गिअर दाबला की क्लच आपोआप सुटायचा. एकदा पळसदरीच्या अलीकडे क्लचची वायर तुटली, गाडीला दुधाच्या किटल्या बांधलेल्या, लोकल गाठायची घाई. काका तसेच गिअर टाकत स्टेशनात पोचले. "वायर तुटली ती मला उतरल्यावर कळली," असं ते सांगत. यात थोडी भर असणार, पण गाडीचा तो गुण खरा होता.

काकांना ठाऊक नव्हतं की त्यांच्या गाडीचं चुलत घराणं त्याच सुमारास जगज्जेतं होत होतं. जावा आणि चेझेड हे चेकोस्लोव्हाकियाचे दोन कारखाने, पुढे एकाच नावाखाली गाड्या विकणारे. १९६४ मध्ये जोएल रॉबेर नावाचा वीस वर्षांचा बेल्जियन पोरगा चेझेडवर बसून अडीचशे सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. मोटोक्रॉस म्हणजे चिखल, चढ, उड्या आणि चाकोऱ्यांनी भरलेल्या बंद मैदानावरची शर्यत. तोपर्यंत एवढ्या लहान वयाचा जगज्जेता त्या खेळाने पाहिला नव्हता. १९६८ आणि १९६९ ला त्याने चेझेडवरच पुन्हा विजेतेपद आणलं आणि १९७० ते ७२ अशी सलग तीन वर्षं सुझुकीवर. एकूण सहा विजेतेपदं आणि ५० ग्रां प्री विजय. हा गडी सरावाला कंटाळायचा, सिगारेट ओढायचा, रात्री मौजेत घालवायचा आणि सकाळी सगळ्यांच्या पुढे असायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. २०२१ च्या जानेवारीत तो गेला. त्याचं हे सगळं मी काकांना वाचून दाखवलं तेव्हा काकांनी एकच विचारलं, "पडायचा का?" पडायचा, म्हटलं. "मग उचलायचं कोण?"

हा प्रश्न काकांना का पडला, ते कळायला आधी आत्याच्या यजमानांची आणि मग काकांचीच गोष्ट सांगायला हवी. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांच्याकडे राजदूत होती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली ही एकशे पंचाहत्तर सीसीची गाडी दिसायला ओबडधोबड, पण खेड्यापाड्यांत तिच्याइतकी विश्वासाची दुसरी नव्हती. मामा तिच्यावर औषधांची पेटी बांधून वाड्यावाड्यांना जायचे. गाय अडलेली असली की रात्रही बघायची नाही. पेज नदीला त्या भागात पाण्याची वेगळीच तऱ्हा आहे. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासून चालू आहे, आंध्रा धरणाचं पाणी डोंगरातून खाली येऊन चाकं फिरवतं आणि मग पेजेत पडतं. त्यामुळे उन्हाळ्यातही नदी कोरडी असेल असं धरून चालता येत नाही. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेली जागा संध्याकाळी मांडीपर्यंत चढलेली असायची.

मामांनी नदी ओलांडायची रीत शिकवली ती अशी. आधी उतरायचं, चालत पलीकडे जाऊन यायचं, पायाखाली दगड कसा आहे ते बघायचं. शेवाळ हिरवं चकाकत असेल तर खालच्या अंगाने जायचं नाही. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि अॅक्सिलेटर सोडायचा नाही, सोडला की सायलेन्सरमधून पाणी आत येतं. गाडीच्या पायदानांवर उभं राहायचं, गुडघे सैल. पुढचा ब्रेक विसरून जायचा. आणि शेवटची गोष्ट, जी ते दर वेळी सांगत: "दगडाकडं बघितलंस तर दगडावरच जाशील. जिथून निघायचंय तिथं बघ." चाकोरीत चाक शिरलं तर बाहेर काढायची झटापट करायची नाही, ती जाईल तशी जाऊ द्यायची आणि जिथे कड खचलेली असेल तिथेच निघायचं. आज मातीवरची मोटारसायकल शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेत पहिल्या दिवशी हेच सांगतात. मामांना कुणी शिकवलं नव्हतं. गाईचं वासरू वेळेत बाहेर यावं, या निकडीने शिकवलं.

मग काका पडले. श्रावणात, पहाटे, दोन खाचरांमधल्या बांधावर मागचं चाक घसरलं आणि जावा त्यांच्या पायावर आली. नडगी मोडली. दूध खाचरात गेलं. ही गोष्ट आमच्या घरात पराक्रम म्हणून कधी सांगितली गेली नाही, हिशेब म्हणून सांगितली गेली. हाड बसवण्याचे इतके, आवणाला मजूर लावले त्याचे इतके, आणि मुंबईतली दुधाची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली ती कायमची. दिवाळीच्या आत जावा विकली. काका त्यानंतर चालवत राहिले, आधी दुसऱ्याची एम-एटी, मग स्वतःची, पण बांधावर कधी गेले नाहीत. तालुक्यातला सगळ्यांत सफाईदार फटफटीवाला, असं लोक त्यांना म्हणत. त्यांची सफाई एका घसरणीत संपली, कारण दुसऱ्यांदा घसरायला त्यांच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

मातीवरच्या शर्यतीतल्या भारतीय विजेत्याचं आयुष्य मी वाचू लागलो ते काकांचा प्रश्न डोक्यात ठेवून. चुंचुनगुप्पे शिवशंकर संतोष, म्हणजे सी. एस. संतोष, बेंगळुरूचा, जन्म १९८३ चा. त्याची सुरुवात मोटोक्रॉस-सुपरक्रॉसच्या मैदानावर झाली. तिथे त्याने राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मग तो लांब पल्ल्याच्या रॅलीकडे वळला. हिमालयातली 'रेड द हिमालय' आणि राजस्थानच्या वाळूतली 'डेझर्ट स्टॉर्म' या देशातल्या दोन्ही अवघड शर्यती त्याने जिंकल्या. २०१३ मध्ये अबुधाबीच्या वाळवंटातल्या शर्यतीत त्याची गाडी पेटली आणि मानेला भाजलं. आमच्या घरात ही गोष्ट इथेच थांबली असती. त्याची थांबली नाही. २०१५ च्या जानेवारीत तो डकारच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता आणि अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया पार करून ३६ व्या क्रमांकाने परतला. डकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय.

डकार ही शर्यत जन्मली तीच वाट चुकण्यातून. तिएरी साबिन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात मोटारसायकलीसकट हरवला. वाचून परत आला आणि म्हणाला, हे सगळ्यांना करून बघू दे. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिली शर्यत निघाली, सेनेगलमधल्या डकार शहराकडे. पुढे ती दक्षिण अमेरिकेत गेली, २०२० पासून सौदी अरबस्तानात आहे, नाव मात्र तेच. दोन आठवडे, रोज शेकडो किलोमीटर, आणि वाट दाखवणारा कुणी नाही. संतोष उतरला त्या काळात आदल्या संध्याकाळी स्पर्धकाच्या हाती कागदाची गुंडाळी यायची. तिच्यावर बाण, अंतर, दिशेचे अंश, धोक्याच्या खुणा. दमलेला माणूस रात्री रंगीत पेन घेऊन बसणार, उद्याच्या वळणांना रंग देणार, आणि सकाळी ती गुंडाळी हँडलवरच्या डब्यात भरून, अंगठ्याने पुढे सरकवत, उभ्यानेच वाचत, ताशी शंभरच्या वर गाडी पळवणार. शिंग्रोबाने जे डोक्यात ठेवलं होतं ते इथे कागदावर असतं, पण कागद आणि जमीन यांचा मेळ शेवटी डोळ्यालाच घालावा लागतो. खड्डा कागदावर दोनशे मीटरवर असतो आणि जमिनीवर एकशे नव्वदवर.

२०१७ पासून संतोष हिरो कंपनीच्या संघाकडून डकारमध्ये उतरला. त्या वर्षी ४७ वा, २०१८ मध्ये ३४ वा. २०२० च्या जानेवारीत त्याच्या संघातला पोर्तुगीज सोबती पाउलो गोन्साल्विस सातव्या टप्प्यात पडला आणि गेला. संघाने शर्यत तिथेच सोडली. पुढच्या वर्षी संतोष पुन्हा उतरला आणि चौथ्या टप्प्यात, रियाधच्या वाटेवर, खडकाळ पट्ट्यात स्वतःच जोरात आदळला. डोक्याला मार, खांदा निखळलेला. हेलिकॉप्टरने त्याला रियाधच्या रुग्णालयात नेलं, डॉक्टरांनी औषधांनी बेशुद्धीत ठेवलं. तो शुद्धीवर आला, भारतात परतला, बरा झाला.

हे सगळं काकांना सांगताना मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं. उचलायचं कोण? हेलिकॉप्टर. गाडीवरचं यंत्र, जे ती थांबली की आयोजकांना कळवतं. मागून येणारा प्रतिस्पर्धी, जो स्वतःची शर्यत सोडून थांबतो. डकारमध्ये असा थांबलेला वेळ त्याला परत मिळतो, तसा नियमच आहे. छातीचं चिलखत, मानेचा पट्टा, गुडघ्यांच्या वाट्या, नडगीपर्यंतचे बूट. पगार, विमा, दुसरी गाडी. गोन्साल्विसला यातलं काहीच वाचवू शकलं नाही, म्हणजे पडण्याची मुभा असली तरी ती हमी नव्हे. पण मुभा नसेल तर शिकणंच खुंटतं. माणूस एकदा पडतो आणि त्याने शिकलेलं सगळं विकलेल्या गाडीबरोबर जातं. विजेत्याचं कौशल्य आम्ही त्याच्या धाडसात शोधतो. मला वाटतं, त्याच्या पडण्यांच्या संख्येत शोधावं. तितक्या वेळा पडून पुन्हा उभं राहायची व्यवस्था ज्याच्याभोवती होती, तो पुढे गेला.

म्हणूनच हा खेळ आपल्याकडे कुठे रुजला ते बघण्यासारखं आहे. जिथे रस्ते वाईट तिथे नाही, जिथे पाठीशी कंपनी, कारखाना किंवा स्वतःची पुंजी आहे तिथे. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. मोटारस्पोर्ट्समध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. केरळच्या शोरनूरचा हरिथ नोआ २०२१ च्या डकारमध्ये २० वा आला आणि २०२४ मध्ये एकूण ११ वा येत 'रॅली टू' गटाचा विजेता ठरला. मराठी माणूसही त्या वाळूत उतरला. २०२१ च्याच डकारमध्ये मुंबईचा आशिष रावराणे होता, पेशाने व्यापारी जहाजावरचा कप्तान, कुठल्याही कारखान्याच्या संघाशिवाय. समुद्रावर होकायंत्र वाचणाऱ्याने वाळवंटात गुंडाळी वाचायला घेतली, आणि त्याचा खर्च बऱ्याच अंशी जहाजावरच्या नोकरीच्या जोरावर पेलला गेला असणार हे उघड आहे. गुरांच्या दवाखान्यातल्या पगारात ते बसलं नसतं, आमचे मामा कितीही सफाईने पेज ओलांडत असोत.

आता कर्जत बदललं. द्रुतगती मार्ग झाला, शेतांवर फार्महाउसं उभी राहिली, पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईच्या महागड्या मोटारसायकली भिवपुरी-कोंढाण्याच्या कच्च्या वाटांवर चिखल उडवत जातात. त्यांच्या अंगावर चिलखत असतं. त्यांच्या मागे आमची पोरं जातात, त्यांच्या पायात चपला असतात. माझा पुतण्या त्यांतलाच. उतारावर एका चाकावर गाडी उभी करायची आणि मित्राने मोबाइलवर टिपायची, हा त्यांचा सराव. अंगात कसब आहे, ते मला दिसतं. काकांच्या हाताची सफाई त्याच्या मनगटात आहे. आणि काकांकडे जे नव्हतं ते याच्याकडेही नाही.

२०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीला भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हा पुतण्या काकांना सोबत घेऊन गेला. मातीचे ढिगारे रचलेले, गाड्या त्यांवरून हवेत जातात, देशोदेशीचे स्पर्धक. पुतण्या परत आला तो उड्यांचं बोलत. काका परत आले ते झेंड्याचं बोलत. "एक पोरगा आडवा झाला. लगेच पिवळा झेंडा. झेंडा दिसला की मागच्यांनी जपून जायचं, त्या जागी उडी नाही, पुढं घुसणं नाही. मग दोन माणसं धावली, पोराला उठवलं, गाडी उचलून दिली, आणि तो परत बसून गेला." हे त्यांनी घरात प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

संतोषने कोलारजवळ 'बिग रॉक' नावाचं मातीचं मैदान काढलं आहे. तिथे लोक चिखलात गाडी चालवायला आणि पडायला शिकतात. तसं एखादं मैदान कर्जत-खालापुरात का असू नये? माती आमचीच, पाऊस आमचा, एका अंगाला मुंबई, घाट चढला की पुणे. फार्महाउसच्या पोहण्याच्या तलावांना जेवढी जागा गेली तिचा एक तुकडा पुरे. तिथे झेंडेवाला असावा, प्रथमोपचाराचा माणूस असावा, भाड्याने मिळणारे बूट असावेत, आणि नदी कशी ओलांडायची ते सांगायला मामांच्या पिढीतलं कुणी तरी खुर्ची टाकून बसलेलं असावं. विजेता निघेल की नाही, ते पुढचं. निदान पोरं रस्त्यावर पडायची थांबतील.

ते होईल तेव्हा होईल. पुतण्याने मात्र गेल्या पाडव्याला जुनी गाडी मोडून नवी, मातीत चालणारी घ्यायचं काढलं आणि पैशासाठी काकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीची किंमत विचारली, मग बुटांची विचारली, चिलखताची विचारली. पुतण्या म्हणाला, ते नंतर बघू, आधी गाडी घेऊ. काका म्हणाले, "गाडीचे पैसे तुझे तू जमव. मी पडायचे देतो."